धुळीआडच्या ताऱ्याचे वजन कसे करतात?

मे महिन्यात शहराच्या दिव्यांपासून दूर एखाद्या गावी मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे पाहिले, तर वृश्चिकाच्या नांगीशेजारी धनू रास दिसते. तिच्यातून आकाशगंगेचा दुधी पट्टा वर चढत गेलेला असतो. आपल्या दीर्घिकेचे केंद्र याच दिशेला आहे. ताऱ्यांची सर्वांत दाट गर्दी इथे आहे, तेव्हा आकाशाचा हा भाग लखलखता असायला हवा. प्रत्यक्षात मात्र पट्ट्याच्या मधोमध काळी भगदाडे दिसतात. जिथे तारे सर्वांत जास्त, तिथेच अंधार का?

युरेनसचा शोध लावणारा विल्यम हर्शेल याला अठराव्या शतकात अशा जागा म्हणजे आकाशातली खरीखुरी भोके वाटली होती. तिथे तारेच नसावेत, असा त्याचा समज झाला. हा समज चुकीचा होता. तारे आहेत, पण आपल्या आणि त्यांच्या मध्ये धूळ आहे. त्या धुळीपलीकडे पाहण्याची किल्ली पुढे हर्शेलच्याच हाती लागली, हा इतिहासातला गमतीचा योगायोग. तिचा हा उपयोग मात्र त्याला ठाऊक नव्हता.

या धुळीमागे दडलेल्या ताऱ्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे आणि ओळखायला सर्वांत अवघड म्हणजे महाकाय तारे. ते किती तापलेले, किती वजनदार, किती वयाचे हे हजारो प्रकाशवर्षांवरून, तेही धुळीच्या पडद्यातून, कसे कळते? उत्तर आहे अवरक्त वर्णपट.

अल्पायुषी पण कर्तबगार

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्याला खगोलशास्त्रज्ञ महाकाय तारा म्हणतात. आपल्या ओळखीतला असा एक तारा म्हणजे कन्या राशीतली चित्रा. डोळ्यांना एकच दिसणारी चित्रा ही खरे तर एकमेकांभोवती फिरणारी जोडी आहे आणि तिच्यातला मोठा तारा सूर्याच्या साधारण अकरापट आहे. वृश्चिकातली लालसर ज्येष्ठाही याच जातीची, फक्त आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात फुगून लाल झालेली.

शेकडो ताऱ्यांमध्ये असा एखादाच असतो, पण त्याचा खर्च अफाट. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा सूर्यापेक्षा हजारो पटींनी अधिक ऊर्जा बाहेर टाकतो. वीसपट इंधन आणि हजारोपट खर्च, मग आयुष्य किती टिकणार? सूर्याचे आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचे. या ताऱ्याला एक कोटी वर्षेही धड मिळत नाहीत. शेवटी तो बहुधा अतिनवतारा म्हणून फुटतो आणि मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन बहुतांशी अशाच ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आणि त्यांच्या स्फोटांतून अवकाशात विखुरला. दीर्घिकेचा इतिहास समजून घ्यायचा तर या मोजक्या ताऱ्यांना टाळता येत नाही.

अडचण अशी की त्यांचे अल्प आयुष्यच त्यांना लपवते. तारे वायू आणि धुळीच्या ढगांत जन्मतात. सूर्यासारख्या ताऱ्याला त्या ढगातून बाहेर पडून कोट्यवधी वर्षे मोकळ्यावर काढता येतात. महाकाय ताऱ्याच्या आयुष्याचा बराच मोठा भाग जन्मस्थानाच्या आसपासच, धुळीत जातो. त्यातच हे तारे दीर्घिकेच्या तबकडीच्या पातळीत असतात आणि धूळही नेमकी त्याच पातळीत साठलेली असते.

ढोल ऐकू येतो, ताशा नाही

गणेशोत्सवात दोन गल्ल्या सोडून मिरवणूक चालली असेल, तर घरात बसून काय ऐकू येते? ढोलाचा ठोका. ताशाची तडतड मधल्या इमारतींतच विरून जाते. ढोलाच्या खर्जातल्या ध्वनिलहरी लांब असतात. त्या भिंतींना वळसा घालून आपल्यापर्यंत पोचतात. ताशाच्या लहरी आखूड, त्या अडतात आणि इकडेतिकडे फेकल्या जातात.

प्रकाशाचेही असेच होते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अवकाशातल्या धुळीचे कणही याच मापाचे किंवा याहून थोडे लहान असतात, म्हणून ते दृश्य प्रकाशाला नेमके अडवतात. निळा प्रकाश सर्वांत आखूड लहरींचा, त्यामुळे त्याची गळती सर्वाधिक. लाल थोडा बरा सुटतो. लालच्याही पलीकडचा, दोन मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश बऱ्यापैकी पार होतो.

लालच्या पलीकडे काही आहे हे विल्यम हर्शेलने १८०० साली दाखवले. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून तो प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहत होता. लाल पट्टा संपल्यावर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. हाच अवरक्त प्रकाश. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात सर्वत्र प्रकाश खाणारी धूळ आहे, हे मात्र रॉबर्ट ट्रम्प्लरने ताऱ्यांच्या गुच्छांचा अभ्यास करून १९३० मध्ये दाखवून दिले. 'भोकां'चा उलगडा व्हायला इतका काळ जावा लागला.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की काय साधते ते आकड्यांत पाहू. दीर्घिकेच्या केंद्रातल्या एखाद्या ताऱ्याकडून दृश्य प्रकाशाचे एक लाख कोटी कण निघाले, तर धुळीतून आपल्यापर्यंत जेमतेम एक पोचतो. २.२ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात मात्र दहा-पंधरा कणांमागे एक सुखरूप येतो. दृश्य प्रकाशात जे अशक्य, ते अवरक्तात फक्त कष्टाचे उरते.

छायाचित्र का पुरत नाही

मग अवरक्त कॅमेऱ्याने फोटो काढला की काम झाले? नाही. तारा तिथे आहे एवढे कळते, तो कोण आहे ते कळत नाही.

तारा जितका तापलेला तितका तो निळसर, हा साधा नियम आहे. पण महाकाय तारे इतके तप्त असतात की त्यांचा बहुतेक प्रकाश अतिनील भागात बाहेर पडतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विनचा, तर सर्वांत तप्त महाकाय ताऱ्यांचा ३० ते ५० हजार केल्विनचा. (सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवले की केल्विन, एवढ्या मोठ्या आकड्यांत हा फरक सोडून दिला तरी चालतो.) अवरक्तात आपल्याला त्यांच्या प्रकाशाचे फक्त शेवटचे टोक दिसते आणि त्या टोकाचा उतार ३० हजारांच्या ताऱ्याचा काय किंवा ४५ हजारांच्या ताऱ्याचा काय, जवळजवळ सारखाच असतो. रंगावरून दोघांत फरक करता येत नाही.

वर धूळ आपला रंग चढवते. ती निळा भाग अधिक खात असल्यामुळे अतितप्त निळा तारासुद्धा तांबूस दिसतो. अवरक्त छायाचित्रात धुळीमागचा तरुण महाकाय तारा आणि म्हातारा, थंड, लाल राक्षसी तारा शेजारी-शेजारी ठेवले, तर दोघांचे रंग जुळू शकतात. एकाचे वय काही लाख वर्षे, दुसऱ्याचे काही अब्ज. हा घोटाळा फक्त वर्णपट सोडवू शकतो.

जमखिंडीत दिसलेल्या रेषा

ताऱ्याचा प्रकाश पसरवून त्याच्या तरंगलांबीनुसार मांडला की वर्णपट मिळतो. त्यात सलग पार्श्वभूमीवर काही ठरावीक ठिकाणी बारीक काळ्या किंवा उजळ रेषा दिसतात. अणूतल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते. एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाताना तो नेमक्या तितक्याच ऊर्जेचा प्रकाश गिळतो किंवा सोडतो. गिळला की काळी शोषणरेषा, सोडला की उजळ उत्सर्जनरेषा. हायड्रोजनच्या रेषा वेगळ्या जागी, हेलियमच्या वेगळ्या, कार्बनच्या आणखी वेगळ्या. या जागा प्रयोगशाळेत मोजता येतात आणि विश्वात कुठेही बदलत नाहीत.

या शास्त्राच्या बाल्यावस्थेतला एक प्रसंग आपल्या मुलखाशी जोडलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या, पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. हा विल्यम हर्शेलचा नातू. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्याला उजळ रेषा दिसल्या. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू आहे, हे त्यातून ठरले. त्याच ग्रहणात गुंटूरला फ्रान्सच्या पिएर जान्सेननेही या रेषा पाहिल्या. पुढे त्यांतल्या पिवळ्या रेषेवरून इंग्लंडच्या नॉर्मन लॉकियरने एका नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली. ते मूलद्रव्य म्हणजे हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडले.

महाकाय ताऱ्यांच्या अवरक्त अभ्यासात याच हेलियमचे काम सर्वांत मोठे आहे.

दोन मायक्रॉनजवळच्या मोजक्या रेषा

दृश्य प्रकाशात ताऱ्याच्या रेषा भरपूर असतात. अवरक्तात, विशेषतः २ ते २.४ मायक्रॉनच्या पट्ट्यात, तप्त ताऱ्यांच्या रेषा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मार्गारेट हॅन्सन, पीटर काँटी आणि मार्सिया रीकी यांनी ज्यांची ओळख दृश्य प्रकाशातून आधीच पक्की होती अशा तप्त ताऱ्यांचे अवरक्त वर्णपट गोळा करून १९९६ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. धुळीमागच्या अनोळखी ताऱ्याचा वर्णपट या ओळखीच्या वर्णपटांशी ताडून पाहता येऊ लागला. मोजक्या रेषांतून चार गोष्टी वाचल्या जातात.

तापमान. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. पूर्ण अणूची एक रेषा २.११ मायक्रॉनवर येते. एक इलेक्ट्रॉन निसटला की अणू विद्युतभारित होतो, त्याला आयन म्हणतात. या आयनाची रेषा २.१९ मायक्रॉनवर असते. इलेक्ट्रॉन मोठ्या संख्येने उडवायला प्रखर अतिनील प्रकाश लागतो, त्यामुळे आयनाची रेषा साधारण ३० हजार केल्विनच्या वरच्या ताऱ्यांतच ठळक दिसते. दोन रेषांचे प्रमाण पाहिले की तापमानाचा अंदाज येतो. ४० हजारांच्या आसपास २.०८ मायक्रॉनवर कार्बनच्या आयनाची उजळ रेषाही डोके वर काढते. उलट हेलियमच्या दोन्ही रेषा नाहीशा होऊन फक्त हायड्रोजनची २.१७ मायक्रॉनवरची रेषा उरली, तर तारा २० हजारांच्या खालचा. या हायड्रोजन रेषेला फ्रेडरिक ब्रॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून ब्रॅकेट-गॅमा म्हणतात. आणि २.२९ मायक्रॉनपुढे कार्बन मोनॉक्साइडचे रुंद काळे पट्टे दिसले, तर तारा तप्त नाहीच. रेणू टिकतात म्हणजे तो थंड, लाल तारा आहे. मघाचा रंगाचा घोटाळा इथे एका दमात मिटतो.

पृष्ठभागावरचे गुरुत्व. तारा आटोपशीर असेल तर त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व जास्त आणि तिथला वायू दाट असतो. दाट वायूत शेजारच्या भारित कणांचे विद्युतक्षेत्र अणूंच्या ऊर्जापातळ्या किंचित हलवते, त्यामुळे हायड्रोजनच्या रेषा रुंद होतात. फुगलेल्या ताऱ्यात वायू विरळ, म्हणून रेषा अरुंद. रुंदीवरून तारा ऐन उमेदीत आहे की फुगू लागला आहे ते कळते.

फिरकी. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते. जवळ येणाऱ्या कडेचा प्रकाश किंचित आखूड लहरींकडे आणि दूर जाणाऱ्या कडेचा लांब लहरींकडे सरकतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. दोन्ही मिळून रेषा पसरट होते. सूर्याचे विषुववृत्त सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने फिरते. काही महाकाय ताऱ्यांत हाच वेग शेकडो किलोमीटर असतो.

वारा. या ताऱ्यांचा प्रकाश इतका प्रखर असतो की त्याच्या रेट्याने पृष्ठभागावरचा वायू बाहेर ढकलला जातो. या तारकावाऱ्याचा वेग सेकंदाला दोन हजार किलोमीटरपर्यंत आणि त्याहूनही जास्त असू शकतो. वर्षाला सूर्याच्या दहा लाखाव्या हिश्शाएवढे वस्तुमान उडून जाणे यात विशेष काही नाही. म्हणजे दर तीन वर्षांनी जवळजवळ एक पृथ्वी. सूर्याचा वारा याच्या कोट्यंशही नाही. वारा जोरदार असला की ब्रॅकेट-गॅमाची काळी रेषा भरून निघते आणि शेवटी उजळ होते. उजळपणावरून वाऱ्याचे प्रमाण आणि रुंदीवरून त्याचा वेग काढतात. इथे एक खाच आहे. वारा सलग नसून गुठळ्यांनी वाहतो आणि गुठळ्या जास्त चमकतात, त्यामुळे हिशेबात त्या धरल्या नाहीत तर वारा आहे त्यापेक्षा मोठा भासतो.

वाऱ्याची परिसीमा वुल्फ-राये ताऱ्यांत दिसते. पॅरिस वेधशाळेच्या शार्ल वुल्फ आणि जॉर्ज राये यांनी १८६७ मध्ये हंस तारकासमूहात असे तीन तारे प्रथम ओळखले. त्यांच्या रेषा रुंद आणि उजळ असतात, कारण बाहेरचे हायड्रोजनचे आवरण उडून जाऊन आतला हेलियम, नायट्रोजन किंवा कार्बन उघडा पडलेला असतो. दीर्घिकेच्या दूरच्या, धुळकट भागांत अलीकडच्या दशकांत सापडलेले बरेच वुल्फ-राये तारे अवरक्त निरीक्षणांतूनच हाती लागले आहेत.

वजनाचा हिशेब

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. ताऱ्याला तराजूत घालता येत नाही, पण तीन गोष्टी हाती आल्या की चौथी निघते.

पहिली पायरी तापमानाची. रेषांच्या प्रमाणावरून ते कळले की पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर किती ऊर्जा फेकतो ते कळते. दुसरी पायरी एकूण तेजाची. अवरक्तात तारा किती उजळ दिसतो ते मोजायचे, धुळीने किती खाल्ले आणि अंतरामुळे किती मंदावले त्याची भरपाई करायची. एकूण तेजाला प्रति चौरस मीटर तेजाने भागले की पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि त्यावरून त्रिज्या मिळते. तिसरी पायरी गुरुत्वाची. रेषांच्या रुंदीवरून गुरुत्व कळले आणि त्रिज्या हातात असली, तर न्यूटनच्या नियमाने वस्तुमान निघते.

प्रत्यक्षात हा हिशेब संगणकावर होतो. तप्त ताऱ्याच्या वातावरणात प्रकाशाचा मारा इतका तीव्र असतो की वायूच्या समतोलाचे साधे नियम तिथे लागू पडत नाहीत. म्हणून फास्टविंड, सीएमएफजेन अशा खास संगणकप्रणाली तापमान, गुरुत्व, वारा यांची वेगवेगळी मूल्ये घेऊन कृत्रिम वर्णपट तयार करतात. खऱ्या वर्णपटाशी जो सर्वांत जवळून जुळतो, त्याची मूल्ये त्या ताऱ्याची मानली जातात. ती ताऱ्यांच्या जीवनक्रमाच्या गणितांत बसवली की वयही निघते.

एस-२ : भलत्या ठिकाणी सापडलेला तरुण

या साऱ्याचा कस लागला तो दीर्घिकेच्या केंद्रात. तिथे सूर्याच्या सुमारे ४० लाखपट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. जर्मनीत राइनहार्ड गेंझेल आणि अमेरिकेत अँड्रिया गेझ यांच्या गटांनी १९९० च्या दशकापासून त्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवर अवरक्त दुर्बिणी रोखल्या. त्यांतला एस-२ हा तारा अवघ्या १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. या कामासाठी दोघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कृष्णविवराच्या इतक्या जवळ वायूचा ढग आकसून तारा बनणे जवळजवळ अशक्य, कारण कृष्णविवराची ओढ ढगाला आकसण्याआधीच फाडून टाकते. म्हणून इथले तारे वयस्कर असतील अशी अपेक्षा होती. २००३ मध्ये गेझ यांच्या गटाने हवाईतल्या केक दुर्बिणीतून घेतलेला एस-२ चा वर्णपट प्रसिद्ध केला. त्यात कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे नव्हते. होत्या त्या ब्रॅकेट-गॅमा आणि हेलियमच्या शोषणरेषा. म्हणजे तारा तप्त, महाकाय आणि तरुण. या कोड्याला शास्त्रज्ञांनी 'तारुण्याचा विरोधाभास' असे नाव दिले.

एक पळवाट शिल्लक होती. हा म्हाताऱ्या ताऱ्याचा सोलून निघालेला तप्त गाभा तर नसेल? वर्णपटाचा दर्जा सुधारल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हते. गेंझेल यांच्या गटातल्या संशोधकांनी बारा वर्षांत चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवर घेतलेले वर्णपट एकत्र करून २०१७ मध्ये बारीक रेषाही वाचल्या. तापमान सुमारे २८ हजार केल्विन, वस्तुमान सूर्याच्या सुमारे १४ पट, वय अंदाजे ६६ लाख वर्षे. गुरुत्वाचा आकडा ऐन उमेदीतल्या सामान्य ताऱ्याचा होता. तेव्हा पळवाट बुजली आणि कोडे आणखी टोकदार झाले. एक उत्तर असे सुचवले जाते की ताऱ्यांची एक जोडी कृष्णविवराजवळ आली, त्याने एकाला धरून ठेवले आणि दुसऱ्याला दूर भिरकावून दिले.

मे २०१८ मध्ये एस-२ कृष्णविवराच्या सर्वांत जवळून, सेकंदाला सुमारे ७,७०० किलोमीटर वेगाने गेला. याच हायड्रोजन आणि हेलियमच्या रेषा त्या वेळी साध्या डॉप्लर गणितापेक्षा थोड्या जास्त सरकलेल्या आढळल्या. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार प्रखर गुरुत्व आणि प्रचंड वेग यांमुळे प्रकाशाची तरंगलांबी जेवढी वाढायला हवी, तेवढाच हा फरक होता.

सर्वांत वजनदार कोण?

मोठा मॅजेलन मेघ या आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, आर-१३६ नावाचा ताऱ्यांचा दाट गुच्छ आहे. त्यातल्या 'ए-१' ताऱ्याचे वस्तुमान पॉल क्रॉथर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अवरक्त वर्णपट आणि हबल दुर्बिणीच्या नोंदी एकत्र करून सूर्याच्या २६५ पट काढले. तोवर दीडशेपट ही मर्यादा मानली जात होती. २०२२ मध्ये चिलीतल्या जेमिनी साउथ दुर्बिणीने अधिक सुस्पष्ट प्रतिमा घेतल्या तेव्हा काही तेज शेजाऱ्यांचे निघाले आणि अंदाज १७० ते २३० पटींवर आला. वजनाच्या हिशेबातली दुसरी पायरी, म्हणजे एकूण तेज, किती सांभाळून घ्यावी लागते याचा हा धडा आहे.

तारा दिसतच नसेल तर?

काही तारे धुळीत इतके खोल असतात की दोन मायक्रॉनलाही हाती लागत नाहीत. अशा वेळी भोवतालच्या वायूला विचारायचे. निऑनच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन उडाला की तो आयन १२.८ मायक्रॉनवर चमकतो, दोन उडाले की १५.६ मायक्रॉनवर. दुसरा इलेक्ट्रॉन उडवायला पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते आणि ती फक्त अतितप्त ताऱ्याच्या अतिनील प्रकाशात मुबलक असते. दोन रेषांचे प्रमाण मोजले की न दिसणाऱ्या ताऱ्याच्या तापमानाचा अंदाज येतो. १९९५ मध्ये सोडलेल्या युरोपच्या आयएसओ या अवरक्त अवकाश वेधशाळेने ही पद्धत रुळवली. आज जेम्स वेब दुर्बिणीचे मिरी हे उपकरण, ज्याची पोच ५ ते २८ मायक्रॉन आहे, ती कितीतरी बारकाईने वापरते.

वाफेचा अडथळा आणि लडाखची हवा

धूळ पार करून आलेला प्रकाश शेवटच्या काही किलोमीटरमध्ये अडतो. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्ताचे मोठे पट्टे गिळून टाकतात. जमिनीवरून पाहायला मोजक्या खिडक्या उघड्या राहतात, साधारण १.२५, १.६५ आणि २.२ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून अवरक्त दुर्बिणी उंच आणि कोरड्या जागी बांधतात.

भारतात अशी उत्तम जागा म्हणजे लडाखमधले हानले, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर. तिथल्या दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीसाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिर्स्पेक हे अवरक्त वर्णपटमापक बनवले. नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटर दुर्बिणीवर याच संस्थेने नैनितालच्या एरीज संस्थेबरोबर टॅन्स्पेक उभारले. ते ०.५५ ते २.५ मायक्रॉनपर्यंतचा वर्णपट एकाच वेळी नोंदवते. त्याआधी टाटा संस्थेने हैदराबादहून मोठ्या फुग्यांना बांधून एक मीटरची दुर्बीण वातावरणाच्या वरच्या थरात पाठवली आणि महाकाय ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे दूर-अवरक्तात नकाशे तयार केले.

निरीक्षणाची पद्धतही वेगळी असते. अवरक्तात रात्रीचे आकाश स्वतःच चमकते, दुर्बीणही उष्णतेने चमकते. म्हणून संवेदक अतिशय थंड ठेवतात. तारा वर्णपटमापकाच्या फटीत आधी एका जागी, मग थोडा बाजूला ठेवून दोन नोंदी घेतात आणि एकीतून दुसरी वजा करतात. आकाश दोन्हींत सारखे असल्याने ते निघून जाते, तारा उरतो. हवेने घातलेल्या खोट्या रेषा काढायला जवळच्याच एखाद्या साध्या, ओळखीच्या ताऱ्याचा वर्णपट घेऊन त्याने भागतात. यासाठी बहुधा अभिजितसारख्या जातीचे तारे निवडतात. पण त्यांच्यात स्वतःची ब्रॅकेट-गॅमा रेषा असते. ती आधी काळजीपूर्वक पुसली नाही, तर महाकाय ताऱ्यात नसलेला वारा दिसू लागतो.

थोडक्यात

- आकाशगंगेतले काळे भाग म्हणजे रिकाम्या जागा नाहीत, धुळीचे ढग आहेत.
- लांब लहरींचा अवरक्त प्रकाश धुळीतून दृश्य प्रकाशापेक्षा खूप चांगला पार होतो.
- अवरक्त रंगावरून तप्त तरुण तारा आणि थंड म्हातारा तारा यांत गल्लत होऊ शकते, वर्णपटावरून होत नाही.
- हेलियमच्या रेषांचे प्रमाण तापमान सांगते, हायड्रोजन रेषेची रुंदी गुरुत्व सांगते, उजळ रेषा वारा दाखवतात.
- तापमान, तेज आणि गुरुत्व मिळून वस्तुमान, आणि त्यावरून वय.

जेम्स वेबची रंगीबेरंगी छायाचित्रे आता वर्तमानपत्रांत आणि फोनवर सतत दिसतात. त्यांतले रंग डोळ्यांना दिसणारे नाहीत, निरनिराळ्या तरंगलांब्यांना नंतर दिलेले आहेत. छायाचित्र देखणे असते आणि कुठे पाहायचे ते सांगते. एखादा तारा महाकाय आहे, तरुण आहे, इतक्या पटीने वजनदार आहे असे बातमीत लिहिलेले असेल, तर त्यामागे वर्णपट आहे का ते जरूर पाहा. नसेल, तर तो आकडा सध्या अंदाजच समजा.